हरभरा दाबला की विमानाची चाकं खाली

आटपाट जळकोट होतं. तिथं मल्लिकार्जुन नावाचा मोटारी भरणारा होता. भरणारा म्हणजे, विहिरीवरची मोटार जळाली की तिच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरून देणारा. त्याला सुनंदा नावाची बायको होती, तोंडानं फटकळ, हातानं सुगरण. त्यांना गौरी नावाची एकच लेक होती, नांदेडला तंत्रनिकेतनात शिकून परत आलेली. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून मल्लिकार्जुनाचे, म्हणजे आमच्या मल्लूचे, वडील अप्पा बसत, आणि अप्पांच्या मागं, सगळ्यांचं ऐकत, त्याची आई, मी. मला घरात, गल्लीत सगळे अव्वाच म्हणतात.

मी शाळेची पायरी चढले नाही. म्हणून बोल माझे आणि अक्षर सुनंदाचं. तिच्याविरुद्ध काही आलं की ती पेन खाली ठेवते. मग मी चहा मागते. चहा करण्यापेक्षा लिहिणं सोपं, म्हणून ती परत पेन उचलते.

मोटारीच्या दुकानात जळकी तार साठते, तसेच किस्से साठतात. तार भंगारवाला किलोनं नेतो. किस्से कोणी नेत नाही, ते पोटातच गरम होत राहतात. आमच्या दुकानात एका पावसाळ्यात इतके साठले, की मला व्हार्निशचा वास यायला लागला! मोटार जळायच्या आधी असाच वास येतो. म्हटलं, सांगून मोकळं व्हावं.

*

गौरीनं नांदेडहून येताना एक विमानाचं हँडल आणलं. कुणाचं तरी वापरलेलं, निम्मी बटनं मेलेली.

मी विचारलं, "अगं, हँडल आणलंस, विमान कुठाय?"

"कंप्युटरमध्ये, अव्वा."

आणि खरंच होतं! पडद्यावर आभाळ, खाली ढग, ढगाखाली शेतं. गौरी दुकानाच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून नांदेडहून मुंबईला जायची आणि चहाला परत यायची. याला म्हणे सिम्युलेटर म्हणतात. कायदे सगळे खऱ्या विमानाचे, फक्त पडलं तर सुतक नाही.

पण विमानाला बटनं लई लागतात. चाकं, पंखाच्या झडपा, दिवे, इंजिन, ब्रेक. त्या हँडलावर जिवंत होती चारच. बाकीची कीबोर्डावर शोधत बसायची, तोवर विमान डोंगराला लागतं. म्हणून गौरीनं हँडल खोललं, शेजारी एक पत्र्याची पेटी केली, पेटीत बोटाएवढी हिरवी सर्किटची पाटी बसवली, पाटीला बापाच्या दुकानातल्या तारा सोल्डर केल्या आणि तारांच्या दुसऱ्या टोकाला बटनं. कसली बटनं? जी दुकानात होती ती! पंपाच्या स्टार्टरची. हिरवं चालू, लाल बंद. बोराएवढी टपोरी.

पहिल्याच दिवशी विमान मुंबईच्या निम्म्या वाटेवर होतं. गौरी पाणी प्यायला आत गेली. आता आमच्या दुकानाचा पन्नास वर्षांचा एकच कायदा आहे: मोटार चालू आणि पाणी दिसत नसलं, तर आधी लाल दाब, मग विचार कर. कोरडी पळाली की मोटार जळते. अप्पांना गुरगुर ऐकू आली. हिरवं बटन दाबलेलं दिसलं. पाणी कुठंच दिसलं नाही. त्यांनी बसल्या जागेवरून काठी लांबवली आणि लाल दाबलं.

गौरी तांब्या घेऊन येते तर विमान डोकं खाली करून निघालेलं!

"अप्पा! काय केलंत? तीनशे माणसं होती त्यात!"

अप्पा काठी भिंतीला टेकवत म्हणाले, "असू दे. मोटार तर वाचली!"

*

सुनंदाला त्या कोपऱ्यात मिरची कांडायचं यंत्र ठेवायचं होतं. तिचं चूक नव्हतं. आमच्या गल्लीतल्या बायांना तिखट करून आणायला बसस्टँडच्या पलीकडं जावं लागतं आणि तिथं अर्धा दिवस मोडतो. सुनंदा म्हणायची, "मोटार घरची, जागा घरची, मिरच्या गावच्या. अजून काय पाहिजे?"

गौरी म्हणायची, "आई, मला ह्याच पेट्या करून द्यायच्यात. हे विमान खेळणारे देशभर हायत."

"देशभर राहू दे. जळकोटात एक दाखव!"

महिनाभर हेच. शेवटी मल्लूनं निकाल दिला. मल्लू कमी बोलतो, पण बोलला की पाना घट्ट बसल्यासारखं बोलतो. म्हणाला, "खंडेनवमीला दुकानात अवजारांची पूजा असते. तोवर बाहेरच्या एका माणसानं, नात्यातला न्हाई, स्वतःच्या तोंडानं 'ही पेटी मी ठेवून घेतो' म्हटलं, तर त्या कोपऱ्यात टेबलाची पूजा. न्हाई म्हटलं, तर कांडपाची. अन् ज्याला हळदकुंकू लागलं ते मग हलवायचं न्हाई."

"कबूल," सुनंदा म्हणाली.

"कबूल," गौरी म्हणाली. "टेबल गेलं तर मी बी पुण्याला कंपनीत जाते."

नात घरात असली की घराला आवाज असतो. पण निकाल लागला होता.

अप्पांनी खुर्चीतून विचारलं, "अन् माझ्या खुर्चीचं काय?"

सुनंदा म्हणाली, "तुमची पूजा तर आम्ही रोजच करून राहिलो!"

*

विमानाचा वेग कमीजास्त करायला एक दांडा लागतो. पुढं ढकलला की पळतं, मागं ओढला की दमतं. बाजारात मिळतो, पण गौरीला पाहिजे तसा वाकडा नव्हता. तिनं घरभर नजर फिरवली आणि तिला पाहिजे तसा वाक सापडला. माझ्या लोखंडी उलथन्यात!

पोरगी हुशार. उलथनं कायमचं नाही लावलं. खाचेत बसवायचं, वरून एक चावी फिरवायची. स्वयंपाकाला लागलं की चावी सैल करून काढायचं. दुपारपर्यंत तव्यावर, दुपारनंतर आभाळात.

एके दिवशी सुनंदा धपाटी लावत होती आणि उलथनं टेबलावरच राहिलं होतं.

"गौरे, उलथनं आण! धपाटं लागून राहिलं!"

"आई, दोनच मिनिटं! रनवे दिसला!"

"तुला रनवे दिसला, मला धुरानं तवा दिसंना!"

त्या दिवशी विमान नीट उतरलं. धपाटं खरवडून काढावं लागलं.

*

बटनं झाली चौदा. मग तपासायला माणूस पाहिजे. गौरी पडद्याकडं बघणार आणि दुसऱ्या कुणीतरी पेटीवरची बटनं दाबायची. मल्लूचे हात ग्रीसचे. सुनंदा बोलत नव्हती. अप्पांना लाल बटनाजवळ येऊ द्यायचं नव्हतं. राहिले मी.

गौरीनं बटनांवर नावं चिकटवली होती. मला वाचता येत नाही. ती म्हणाली चाकं, मी लावला दिवा. ती म्हणाली झडप, मी केलं इंजिन बंद. तीनदा पडलो!

मी म्हटलं, "हे बघ बाई, मला अक्षर कळत न्हाई, पण धान्य कळतं. डोळे बांध माझे, हातात काय हाय ते सांगते."

आणि डिंकाची बाटली आणली. चाकांच्या बटनावर हरभरा. झडपेवर तूर. दिव्यावर मूग. ब्रेकवर वाटाणा. इंजिन बंद करायच्या बटनावर एरंडी, कारण एरंडीला कोणी सहज हात लावत नाही. हरभरा घेतला नागोरावच्या पोत्यातला. नागोराव म्हणजे आमचं जुनं गिऱ्हाईक, दरसाल घरी हरभरा आणून देतो, टपोरा, गोटीसारखा.

गौरी आधी हसली. मग तिनं डोळे मिटून पेटीवरून बोटं फिरवली. मग हसायची थांबली.

"अव्वा," ती म्हणाली, "खाली बघायचं कामच न्हाई की!"

तेव्हापासून दुकानात हाच आरडाओरडा. "अव्वा, तूर अर्धी! मूग राहू दे! आता हरभरा, हरभरा, लवकर!"

जळकी मोटार घेऊन आलेला एक माणूस दारात उभा राहून बराच वेळ हे ऐकत होता. शेवटी त्यानं अप्पांना हळूच विचारलं, "वरण कशाचं हाय आज?"

अप्पा म्हणाले, "विमानाचं!"

*

एका सकाळी गौरी विमान उतरवत होती. बोट हरभऱ्याच्या जागेवर गेलं तर तिथं गुळगुळीत! तिला वाटलं, चुकीची जागा. शेजारचं दाबलं. मूग निघाला. विमान दिवे लावून पोटावर उतरलं!

"चाकं कुठं गेली?" गौरी ओरडली.

सुनंदा कोपरा झाडत होती. तिनं टेबलामागून केरसुणीनं दोन टरफलं पुढं ओढली आणि महिन्यात पहिल्यांदा लेकीशी नीट बोलली.

"उंदरानं खाल्ली."

मल्लू ऐकत होता. त्यानं नवा हरभरा घेतला, मोटारीच्या तारेला लावतात त्या व्हार्निशात बुडवला आणि मोटारीसारखाच दिवसभर उन्हात वाळवला. मग तूर. मग मूग. सगळं धान्य व्हार्निश करून, ओळीनं, मन लावून चिकटवलं. मला तेव्हाच कळलं की निकाल देणारा बाप फुटला.

"आता गॅरंटी," तो म्हणाला.

"कशाची?"

"उंदराची!"

*

खंडेनवमीला पंधरा दिवस राहिले, तेव्हा लातूरचे एक क्लास चालवणारे सर आले. गावाकडच्या विहिरीची मोटार भरायला दिलेली होती. ती होईपर्यंत ते गौरीच्या मागं उभे राहिले. अर्धा तास. बटनं दाबून बघितली. हरभरा दाबला, चाकं खाली आली, हसले. गौरीच्या डोळ्यांत आशा दिसायला लागली.

सरांनी विचारलं, "याच्यानं मार्क वाढतात का?"

पोरगी खोटं बोलत नाही, हा तिचा जुना दोष. "न्हाई सर."

"मग कमी होतात का?"

"होऊ शकतात. नाद लई लागतो."

सर विचारात पडले. मग मोटार उचलायला वाकता वाकता म्हणाले, "एक काम करा. शेजारच्या क्लासला दाखवा!"

*

आठ दिवस राहिले. सुनंदानं यंत्रासाठी टेम्पो सांगून ठेवला होता. तेव्हा ड्रायव्हर मामा आले.

मामा हिमायतनगरचे. आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलं, आता रिटायर. जळकोटला त्यांची बहीण असते, तिच्या विहिरीची मोटार घेऊन आले होते. विमान बघितलं आणि धोतर सावरून सरळ गौरीच्या खुर्चीत बसले.

"नांदेडहून काढ," म्हणाले.

विमान वर गेलं. मामांनी खाली रेल्वेचा रूळ शोधला आणि त्याच्या बरोबर वर विमान धरलं. रूळ वळला की विमान वळायचं. सोडायला तयार नाहीत! मुदखेड जवळ आलं आणि मामांनी उलथनं सरळ मागं ओढलं. विमान धाडकन खाली!

"मामा, वेग का काढला?"

"मुदखेड आलं की! इथं हॉल्ट हाय."

"विमानाला हॉल्ट नसतो, मामा."

दुसऱ्या खेपेला मुदखेडवरून ते तसेच पुढं गेले. पण त्यांचं मन लागेना. भोकरपर्यंत दोनदा म्हणाले, "मुदखेडचे लोक शिव्या देऊन राहिले असतील!"

उठताना त्यांनी हरभऱ्यावर बोट फिरवलं. "मोतीबिंदू काढल्यापासून जवळचं बारीक दिसत न्हाई, आक्का," मला म्हणाले. "पण हे बोटाला कळतं. अन् खरं सांगू का? रिटायर झाल्यापासून माझ्या हातानं काही हललंच न्हाई. चहाची कपबशी सोडली तर."

मग गौरीकडं वळले. "मला अशी पेटी करून दे. घरी कंप्युटर हाय, येऊन बसव. खंडेनवमीपर्यंत बघतो. नीट चालली तर ठेवून घेतो, न्हाईतर परत. अन् हॉर्न पाहिजे."

"विमानाला हॉर्न नसतो, मामा."

"बिना हॉर्नची गाडी मी चालवत न्हाई!"

*

पोरीनं हॉर्न बसवला. जुन्या ट्रकचा मिळाला. बाजाराच्या दिवशी दुकानात तपासला, तर समोर भाजी विकायला बसलेल्या बाईची शेळी दोरी तोडून थेट तहसीलपर्यंत गेली.

मामा खूश! पेटी न्यायच्या आधी त्यांनी एक फेरी मारली. आभाळ मोकळं, खाली काही नाही, वर काही नाही, आणि मध्येच भोंऽऽऽ!

मी दचकले. म्हटलं, "मामा, समोर कोण होतं?"

"ढग."

"मग?"

"बाजूला झाला की न्हाई?"

*

आता शेवटचा. यातला माझा वाटा मी कुणाला सांगितला नव्हता. सुनंदा, लिही, पण गौरीला वाचून दाखवू नको.

मामांची अजून एक सवय होती. ड्रायव्हर इंजिनावर चढायच्या आधी इंजिन गरम पाहिजे. म्हणजे मामा अंगणातून येऊन बसेपर्यंत विमान धडधडत उभं असलं पाहिजे.

मल्लू म्हणाला, "त्यात काय! विहिरीच्या मोटारीला लावतो ते लावू."

आमच्याकडं विहिरीवर मोबाईलचा स्टार्टर असतो. पेटीत सिम असतं. शेतकरी घरून त्या नंबरला एक मिस कॉल देतो, मोटार चालू. परत एक, मोटार बंद. तसाच स्टार्टर मल्लूनं मामांच्या पेटीला लावला: एक मिस कॉल, कंप्युटरसकट विमान सुरू; परत एक, बंद. त्याच दिवशी हरभऱ्यावाल्या नागोरावचा बिघडलेला स्टार्टर पण दुरुस्त होऊन तयार झाला.

सिमं दोन. गौरीनं दोन कागदाच्या पुड्या केल्या, माझ्यासाठी एकीवर हरभरा चिकटवला, दुसरीवर तूर, आणि म्हणाली, "अव्वा, मी बसचं बघून येते. सिमं आपापल्या पेटीत टाका."

तिच्या डोक्यात हरभरा म्हणजे चाकं, म्हणजे विमान. माझ्या डोक्यात हरभरा कुणाचा? नागोरावचा! पोतं समोरच होतं. मी हरभऱ्याचं सिम नागोरावच्या पेटीत टाकलं आणि तुरीचं विमानात. झाकणं लावली. वर हळद लावली, शुभ म्हणून.

गौरी आणि मल्लू हिमायतनगरला जाऊन पेटी बसवून आले, परतीच्या बसच्या घाईत मिस कॉल तेवढा लावून बघायचा राहिला. नागोराव आपला स्टार्टर घेऊन गेला. मामा आणि नागोराव, दोघांना आपापला नंबर दिलेला. चार दिवस कुणाचा फोन नाही.

खंडेनवमीची सकाळ उजाडली. पाने, पकडी, हातोडे धुऊन पाटावर मांडले. सुनंदाचा टेम्पो आठलाच दारात. त्यात मिरचीचं यंत्र, गळ्यात झेंडूची माळ. कोपऱ्यात गौरीचं टेबल, त्याला माळ नाही. मल्लूनं घड्याळ बघितलं. "बारापर्यंत वाट बघू."

गौरीनं सकाळपासून चहासुद्धा घेतला नव्हता. दर पाच मिनिटांनी तारा सरळ करत होती, ज्या सरळच होत्या. मी तिच्या पिशवीकडं बघितलं. कपडे भरलेले होते.

साडेनऊला फोन वाजला. मामा! गौरीनं स्पीकर लावला.

"पोरी, तुझी पेटी याड लागल्यासारखी करून राहिली! सकाळी सहाला मी न्हाणीत, अन् विमान आपोआप सुरू! बायको देवापुढं बसलेली, घंटा टाकून पळाली. रोज सहाला हेच! अन् मी फोन लावला तर सुरूच होत न्हाई. हातानं सुरू करून उडवतो."

गौरीचा चेहरा पांढरा पडला. सुनंदानं हळदकुंकवाचं ताट उचललं आणि टेम्पोकडं एक पाऊल टाकलं. खरं सांगते, एकच पाऊल. दुसरं तिच्यानं उचललं नाही.

तेवढ्यात नागोराव आला. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पूजेचा नारळ.

"मल्लू, माझ्या मोटारीला काय झालंय? लाईन सहाला येती, मी सहाला फोन लावतो, चालू होत न्हाई. पोरगं शाळेत जाताना हातानं दाबावं म्हटलं तर सव्वादहाला आपोआप चालू! साडेबाराला आपोआप बंद! चार दिवस झाले, मिनिटाचा फरक न्हाई!"

फोनमधून मामांचा आवाज आला, एकदम हळू.

"सव्वादहाला मी फोन लावतो."

नागोराव फोनकडं बघत राहिला.

"साडेबाराला मी जेवायला उठतो," मामा म्हणाले. "विमान बंद होईल म्हणून परत लावतो."

"तुम्ही कोण?"

"हिमायतनगरचा ड्रायव्हर."

"म्हणजे तुम्ही माझ्या उसाला पाणी देऊन राहिलाव?"

"अन् तुम्ही माझ्या बायकोला पळवून राहिलाव?"

गौरी रडकुंडीला आलेली. "मामा, चुकलं आमचं. मी आत्ताच्या बसनं निघते, सिम बदलते, न्हाईतर पेटीच परत..."

"थांब! हात लावू नको!" मामा ओरडले. मग विचारलं, "नागोराव, ऊस कसा हाय?"

नागोरावनं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "खोटं कशाला बोलू. चार दिवसांत मान वर काढली त्यानं. मी सवडीनं पाणी देतो. तुम्ही टायमावर देऊन राहिलाव."

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग मामा म्हणाले, "पोरी, पेटी मी ठेवून घेतो. पण सिम बदलायचं न्हाई!"

मल्लूनं घड्याळाकडं बघितलंच नाही. सुनंदा ताट घेऊन वळली, टेबलापाशी आली आणि पहिलं कुंकू हरभऱ्याला लावलं. मग उलथन्याला. मग गौरीच्या कपाळाला. गौरीनं तिला मिठी मारली तेव्हा ताट माझ्या हातात आलं, आणि अर्धी हळद अप्पांच्या डोक्यावर.

टेम्पोवाला दारातून म्हणाला, "बाई, मशीन कुठं उतरवू?"

"घरी, ओसरीत!" सुनंदा डोळे पुसत म्हणाली. "अन् गौरे, त्याला बी एक हरभऱ्याचं बटन लाव. मिरचीच्या खकाण्यात डोळे कुठं उघडतात!"

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळीच मामांचा फोन. हिमायतनगर ते किनवट, त्यांचे रिटायर झालेले सोबती सहा. काल सगळे मामांच्या घरी विमान बघायला बसले होते. सगळ्यांना पेटी पाहिजे, धान्यासकट, हॉर्नसकट.

गौरी वहीत नावं उतरवायला लागली, तसे मामा म्हणाले, "अन् पोरी, प्रत्येकाला एकेक शेत बी पाहिजे."

गौरी अजून फोनवरच होती, तेवढ्यात नागोराव आपट्याची पानं घेऊन दारात. माझ्या पाया पडला, सोनं दिलं, जायला निघाला आणि परत फिरला.

"अव्वा," म्हणाला, "माझ्या थोरल्या भावाची विहीर हाय. दोन एकर ऊस, पाणी चांगलं, घर निर्व्यसनी. त्याच्यासाठी एखादा रिटायर ड्रायव्हर बघा की. माणूस टायमाचा पाहिजे. बाकी आमची काही अट न्हाई!"